दहा गोष्टी, एक दशक: 'द अगाथा ख्रिस्ती अवर' पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी

अगाथा ख्रिस्तीचं नाव वाचून मालिका लावावी, आणि अर्धा भाग संपला तरी तिचा गाजलेला गुप्तहेर हर्क्युल पॉयरो येत नाही, रहस्यं उकलणाऱ्या मिस मार्पलचा पत्ता नाही, कुणाचा खूनही झालेला नाही! असं झालं की नवा प्रेक्षक बुचकळ्यात पडतो आणि पुष्कळ जण तिथेच बंद करतात. मला त्याचं वाईट वाटतं. १९२०च्या दशकातल्या इंग्लंडवर टीव्हीने जे काही केलं आहे, त्यात ही मालिका मला सर्वांत जवळची आहे, आणि ती आवडायला थोडीशी पूर्वतयारी पुरते. ती कशी करायची, कुठला भाग आधी पाहायचा आणि कुठला मागे ठेवायचा, ते इथे क्रमाने सांगतो. कुठल्याही गोष्टीचा शेवट फोडलेला नाही, तेव्हा निर्धास्त वाचा.

पायरी १: आपण काय पाहणार आहोत ते नीट माहीत करून घ्या

थेम्स टेलिव्हिजनने बनवलेले हे दहा भाग ब्रिटनमध्ये आयटीव्हीवर सप्टेंबर ते नोव्हेंबर १९८२ मध्ये दाखवले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपलं दूरदर्शन रंगीत झालं होतं, एवढं ध्यानात ठेवलं तरी चित्राच्या प्रतीबद्दलच्या अपेक्षा ताळ्यावर राहतात. ख्रिस्ती १९७६ साली वारली. हयातीत ती टीव्हीला फारशी राजी नसे. तिच्या पश्चात १९८० पासून ब्रिटिश टीव्हीवर तिच्या साहित्याची दारं उघडली आणि ही मालिका त्या पहिल्या लाटेतली.

प्रत्येक भागात वेगळी गोष्ट, वेगळी पात्रं, वेगळे नट. एक भाग संपला की ते जग संपलं. 'गहिरे पाणी' ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको. रत्नाकर मतकरींच्या कथांवरची ती मालिका अशीच भागागणिक नवा डाव मांडायची. इथे अपवाद एकच. पार्कर पाइन नावाचे एक गृहस्थ दोन भागांत येतात, त्यांची ओळख पुढे करून देतो.

या दहा गोष्टींपैकी निम्म्याहून जास्त गोष्टींत खुनाचा तपास नाही. काही प्रेमकथा आहेत, काही निखळ साहसं आहेत, तीन-चार अंगावर काटा आणणाऱ्या आहेत, आणि एक तर सरळ संसाराची गोष्ट आहे. बहुतेक कथा ख्रिस्तीने १९२४ ते १९२६ या काळात लोकप्रिय मासिकांसाठी लिहिल्या. तिची पहिली कादंबरी १९२० साली आली होती, नाव होत होतं, पण अजून ती 'रहस्यकथांची राणी' झाली नव्हती. मासिकाच्या वाचकाला काय हवं असतं याचा अंदाज घेत ती वेगवेगळे प्रकार करून पाहत होती. पुढे यांतल्या बऱ्याच कथा 'द हाउंड ऑफ डेथ' (१९३३), 'द लिस्टरडेल मिस्टरी' (१९३४) आणि 'पार्कर पाइन इन्व्हेस्टिगेट्स' (१९३४) या संग्रहांत आल्या.

माझं म्हणणं असं आहे, की या मालिकेकडे गुन्हेगार ओळखण्याच्या हौसेने पाहू नये. महायुद्धातून बाहेर पडलेल्या, चाकोरीत अडकलेल्या माणसांना एक संधी मिळते, एक दार किलकिलं होतं, आणि त्यातून आत जायचं की नाही हे त्यांना पटकन ठरवावं लागतं. दहाही गोष्टींत मला हेच दिसतं. कुणाला त्या दारापलीकडे मोटारगाडी मिळते, कुणाला भलत्याच कुणाचं आयुष्य, कुणाला भूत. हे धरून पाहिलंत की विखुरलेले वाटणारे भाग एकमेकांशी बोलू लागतात.

पायरी २: तो काळ थोडा अंगवळणी पाडून घ्या

इथे घाई करू नका. कपडे, पैसे आणि युद्ध या तीन गोष्टी माहीत असल्या तर निम्मे संवाद आपोआप उलगडतात.

पहिलं, युद्ध. १९१४ ते १९१८ मध्ये ब्रिटनचे सात लाखांहून जास्त सैनिक मारले गेले. १९२१च्या जनगणनेत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा साधारण साडेसतरा लाखांनी जास्त निघाली, आणि या 'जादा' बायकांचं काय करायचं अशी चर्चा वर्तमानपत्रं उघडपणे करू लागली. युद्धकाळात याच बायकांनी कारखाने, कचेऱ्या, इस्पितळं सांभाळली होती. स्वतः ख्रिस्ती टॉर्कीच्या इस्पितळात परिचारिका होती, मग औषधालयात काम करत होती. तिचं विषांचं ज्ञान तिथलं. घरी परत जा म्हटल्यावर सगळ्या जणी गेल्या नाहीत. केस कापले, कंबर ढिली सोडून झग्याची शिवण खाली नितंबांपर्यंत आणली, घोटे आणि मग पोटऱ्या दिसू लागल्या, १९२६-२७ पर्यंत झगा गुडघ्याला टेकला. सिगारेट, लिपस्टिक, जॅझवर नाच, एकटीने आगगाडीचा प्रवास. या मुलींना लोक फ्लॅपर म्हणत. १९१८ साली मतदानाचा हक्क मिळाला तो तिशी ओलांडलेल्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या बायकांना. एकविसाव्या वर्षी सगळ्यांना मत द्यायचा कायदा १९२८ साली झाला तेव्हा विरोधकांनी त्याला 'फ्लॅपरांचं मतदान' असं हिणवलं.

या वाऱ्याची झुळूक मुंबईलाही लागली होती. मूकपटांची मोठी नटी सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, पडद्यावर येण्याआधी टेलिफोन ऑपरेटर होती. स्वतः कमावणारी, आधुनिक पेहरावातली शहरी मुलगी हे तिचं पडद्यावरचं रूप त्याच दशकातलं. मालिकेतली नोकरी शोधणारी जेन पाहताना मला तिची आठवण येते.

दुसरं, पैसे. एका पौंडाचे वीस शिलिंग, एका शिलिंगाचे बारा पेन्स. एकवीस शिलिंगांची एक गिनी. उच्चभ्रू डॉक्टर, वकील, चित्रकार आपली फी गिनीत सांगत, दुकानदार पौंडात. म्हणून पार्कर पाइन एका बाईकडे दोनशे गिनी मागतात तेव्हा रक्कम झाली दोनशे दहा पौंड, आणि शिवाय आपण कुठल्या दर्जाचे व्यावसायिक आहोत हेही त्यांनी सांगून टाकलं. एडवर्ड रॉबिन्सन नावाचा कारकून वर्तमानपत्रातल्या स्पर्धेत पाचशे पौंड जिंकतो. ही रक्कम त्याच्यासारख्याच्या वर्षभराच्या पगारापेक्षा कितीतरी मोठी. त्यातले चारशे पासष्ट तो एका झटक्यात मोटारीवर घालवतो. हा आकडा पडद्यावर येऊन गेला आणि तुम्ही नुसतं ऐकून सोडून दिलंत, तर त्या गोष्टीतला सगळा थरार हातातून निसटला म्हणून समजा.

तिसरं, छोट्या जाहिराती. दहापैकी तीन भाग वर्तमानपत्रातल्या जाहिरातीपासून सुरू होतात. त्या काळच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत 'वैयक्तिक' मथळ्याखाली निरोप, विनवण्या, हरवले-सापडले, गुप्त भेटींचे संकेत असं काय काय छापून येई. दोन ओळींच्या जाहिरातीला उत्तर दिलं की आयुष्य कुठल्या कुठे जाईल असं त्या वाचकांना खरोखर वाटे.

आगगाडीबद्दलही एक सांगतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांत डबा अनेक बंद खणांत विभागलेला असे आणि बऱ्याच गाड्यांत प्रत्येक खणाचं दार थेट फलाटावर उघडे. दोन स्थानकांच्या मधे तुम्ही आणि समोरचा अनोळखी माणूस, तिसरं कुणी नाही. दोन भागांतली सगळी गंमत आणि भीती या रचनेतून येते.

पायरी ३: क्रम बदला

मूळ प्रसारणाचा क्रम पाळायची काहीच गरज नाही. गोष्टी स्वतंत्र आहेत. नवख्या माणसाला मी पुढच्या क्रमाने पाहायला सांगतो.

सुरुवात 'जेन इन सर्च ऑफ अ जॉब'पासून. जेन क्लीव्हलंड ही तरुणी, शिकलेली, चुणचुणीत, आणि पैसे जवळजवळ संपलेले. जाहिरात अशी: वय पंचवीस ते तीस, डोळे गडद निळे, केस अगदी सोनेरी पण भुवया आणि पापण्या काळ्या, नाक सरळ, बांधा सडपातळ, उंची ठरलेली, नकला करता यायला हव्यात, फ्रेंच बोलता यायला हवं. अशी जाहिरात कोण देईल आणि का, एवढ्यावर गोष्ट उभी आहे. जेनचं काम एलिझाबेथ गार्व्हीने केलं आहे. १९८० साली बीबीसीच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये तिने एलिझाबेथ बेनेट केली होती. या भागाने सुरुवात करायचं कारण असं, की मालिकेत जे जे पुढे येणार ते सगळं यात थोडं थोडं आहे. बेकारी आहे, सोंग आहे, परागंदा राजघराणं आहे, कपड्यांची चंगळ आहे. जेन एका राजकन्येच्या जागी उभी राहते तेव्हा तिच्या चालण्यातला फरक बघा. संवादाची गरजच पडत नाही.

मग 'द मॅनहूड ऑफ एडवर्ड रॉबिन्सन'. पाचशे पौंडवाला कारकून तो हाच. त्याची वाग्दत्त वधू मॉड व्यवहारी आहे, पैसे जपून वापरावेत असं तिचं ठाम मत, आणि ते मत चुकीचंही नाही. एडवर्डला मात्र आयुष्यात एकदा तरी धाडस करायचंय. तो मोटार घेतो, एकटाच निघतो, आणि चुकून दुसऱ्याच गाडीत बसतो. पुढचं तुम्हीच पाहा. एडवर्ड झालाय निकोलस फॅरेल, जो आदल्याच वर्षी १९२४च्या ऑलिंपिकवरच्या 'चॅरियट्स ऑफ फायर' चित्रपटात होता. चेरी लुंघी आहे, आणि अगदी कोवळा रूपर्ट एव्हरेटही दिसतो. फ्लॅपर मंडळींची रात्रीची मौजमजा, उनाड श्रीमंती, कंटाळ्यातून काढलेले खेळ या सगळ्याचं चित्र या भागाइतकं भरगच्च दुसऱ्या कुठल्याच भागात नाही. दहांत मला सर्वांत आवडणारा भाग निवडायचा झाला तर हाच. मॉडवर थोडा अन्याय झालाय असं मला अजूनही वाटतं, आणि पाहून झाल्यावर तुम्हालाही ते वाटलं तर मला आनंद होईल.

तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी पार्कर पाइन: आधी 'द केस ऑफ द मिडल-एज्ड वाइफ', मग 'द केस ऑफ द डिसकंटेंटेड सोल्जर'. हे दोन लागोपाठच पाहावेत. पाइन सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं आकडेवारी गोळा करून निवृत्त झालेले. आता ते वर्तमानपत्रात जाहिरात देतात, की तुम्ही सुखी आहात का? नसाल तर मला भेटा. माणसाच्या दुःखाचे मुख्य प्रकार मोजके आहेत, रोग कळला की उपाय सापडतो, अशी त्यांची श्रद्धा. पहिल्या गोष्टीत नवरा कचेरीतल्या टायपिस्टच्या मागे लागल्यामुळे खचलेली मिसेस पॅकिंग्टन येते. दुसऱ्यात पूर्व आफ्रिकेतून परतलेला, इंग्लंडमध्ये जीव न रमणारा मेजर विल्ब्रॅम. मॉरिस डेनहॅम यांनी पाइन इतक्या शांतपणे केलेत की त्यांच्या खोलीत आपणही जाऊन मन मोकळं करावं असं वाटतं. ग्वेन वॉटफर्डची मिसेस पॅकिंग्टन तर अप्रतिम. पहिल्या प्रवेशातली तिची टोपी आणि नंतरची टोपी यांच्यात जे अंतर आहे तेवढंच त्या बाईचं कथानक आहे, आणि ग्वेन वॉटफर्ड ते चेहऱ्यावर आणते. हे दोन भाग मूळ कथांच्या हिशेबाने १९३०च्या दशकाच्या उंबरठ्यावरचे आहेत, पण दुखणं अजून जुन्या दशकाचंच आहे.

जाणकारांसाठी एक भेट याच दोन भागांत आहे. पाइन यांची सेक्रेटरी मिस लेमन, आणि वरच्या मजल्यावर सफरचंदांच्या पिशवीजवळ बसून कथानकं रचणारी लेखिका अॅरियाडने ऑलिव्हर, या दोघी पुढे पॉयरोच्या गोष्टींत स्थिरावल्या. त्यांचा छापील जन्म पाइन यांच्या कचेरीतला.

पाचवा 'द गर्ल इन द ट्रेन'. श्रीमंत काकाने हाकलून दिलेला जॉर्ज रोलंड आपल्या आडनावाच्या गावाचं नाव दिसलं म्हणून गाडीत बसतो, आणि एक मुलगी धापा टाकत त्याच्या खणात शिरून मला लपवा म्हणते. हलकीफुलकी गोष्ट. यात पुन्हा एक काल्पनिक बाल्कन देश येतो आणि जेनच्या भागाची पुनरावृत्ती वाटते, म्हणून मी मधे पाइन घातलेत.

आता अंधाराकडे वळायचं. 'द मिस्टरी ऑफ द ब्लू जार' आधी. जॅक हार्टिंग्टन रोज सकाळी कामावर जाण्याआधी गोल्फ खेळतो, आणि रोज सात वाजून पंचवीस मिनिटांनी त्याला एका बाईची किंकाळी ऐकू येते. आसपासच्या कुणालाही ऐकू येत नाही. आपलं डोकं फिरलंय का, ही त्याची भीती फार खरी आहे. युद्धानंतरच्या त्या वर्षांत मनावर झालेल्या जखमा घेऊन जगणारे असंख्य तरुण होते आणि घरची मंडळी त्याबद्दल बोलत नसत.

'द रेड सिग्नल' रात्री पाहा. जेवणाची मेजवानी, नंतर दिवे मंद करून आत्म्यांना बोलावण्याची बैठक, आणि माध्यम बनलेल्या बाईच्या तोंडून जमलेल्यांपैकी एकाला इशारा: घरी जाऊ नकोस. आपल्याकडे प्लँचेटच्या गोष्टी ऐकत मोठे झालेल्यांना ही खोली परकी वाटणार नाही. पण इंग्लंडमध्ये १९२० नंतर या बैठकींना जो ऊत आला, त्यामागे युद्धात गेलेल्या मुलांशी बोलायची तळमळ होती. सर ऑलिव्हर लॉज यांच्यासारखा भौतिकशास्त्रज्ञ, ज्याला या विषयात आधीपासूनच रस होता, तोही युद्धात मुलगा गेल्यावर त्यात अधिकच ओढला गेला. मूळ कथेत नायक डर्मट वेस्ट धोक्याची चाहूल लागल्याचा आपला जुना अनुभव सांगतो तो मेसोपोटेमियातला. त्या आघाडीवर मराठा पलटणीही लढल्या होत्या, त्यामुळे मराठी वाचकाला ते नाव नुसतं दूरचं राहत नाही. जोआना डेव्हिड आणि कॅरल ड्रिंकवॉटर, दोघींची कामं जपून पाहा. कोण काय लपवतंय ते त्यांच्या बसण्यात आहे.

'द फोर्थ मॅन' त्यानंतर. रात्रीची गाडी, एका खणात एक पाद्री, एक मनोविकारांचा डॉक्टर आणि एक वकील. एका मुलीच्या शरीरात अनेक व्यक्तिमत्त्वं नांदत होती, त्या गाजलेल्या प्रकरणावर ते अधिकारवाणीने बोलताहेत. कोपऱ्यातला चौथा माणूस ऐकतोय. तो माणूस त्या मुलीला ओळखत होता. हे काम जॉन नेटल्सचं. हा भाग सर्वांत विचित्र आहे आणि काहींना तो अजिबात पचत नाही. मला त्यातली तीन विद्वानांची आणि एका साक्षीदाराची मांडणी फार मोलाची वाटते.

'इन अ ग्लास डार्कली' नववा. पाहुणा म्हणून गेलेल्या तरुणाला खोलीतल्या आरशात एक दृश्य दिसतं, एक पुरुष एका मुलीचा गळा आवळतोय. तो मागे वळतो तर तिथे काहीच नाही. खाली जेवायला गेल्यावर ती मुलगी त्याला भेटते. ही गोष्ट महायुद्धाच्या आधीपासून नंतरपर्यंत पसरते. ख्रिस्तीने ती १९३४ साली बीबीसी रेडिओवर स्वतः वाचली होती, आणि ती ऐकण्यासाठीच लिहिली गेली आहे हे तिच्या आटोपशीरपणात जाणवतं.

शेवटी 'मॅग्नोलिया ब्लॉसम'. थिओडोरा डॅरेल नवऱ्याला सोडून प्रियकराबरोबर दक्षिण आफ्रिकेला निघाली आहे. वाटेत तिला कळतं, की नवऱ्याचा धंदा बुडतोय. संकटात त्याला सोडून जाणं तिला पटत नाही. तिथून पुढे प्रश्न उरतो तो कुणी काय केलं याचा नसून कोण कुणाला किती किंमत देतं याचा. ही कथा १९२६ साली मासिकात आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ख्रिस्ती अकरा दिवस बेपत्ता होती, हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडली, आणि १९२८ साली तिचा घटस्फोट झाला. कथेतून लेखिकेचं चरित्र काढू नये हे मला मान्य आहे. तरी हा भाग पाहताना त्या तारखा मनातून जात नाहीत. सुरुवातीलाच पाहिला तर तो संथ वाटेल. नऊ गोष्टींनंतर पाहिलात तर थिओडोराचा एकेक निर्णय जड होऊन येतो.

पायरी ४: पाहायची रीत

एका संध्याकाळी एकच भाग. सलग चार भाग पाहिले की बंद खोल्या, चहाचे पेले आणि उंची आवाज एकमेकांत मिसळून जातात. हे भाग आठवड्याला एक अशा हिशेबाने बनवलेले आहेत.

त्या काळच्या ब्रिटिश टीव्ही नाटकांत घरातले प्रसंग स्टुडिओत व्हिडिओ टेपवर आणि बाहेरचे प्रसंग फिल्मवर चित्रित करायची रीत होती. त्यामुळे पात्र दारातून अंगणात गेलं की चित्राचा पोत बदलल्यासारखा वाटतो. तुमच्या टीव्हीचा दोष नाही. दोन भागांत डोळ्यांना सवय होते. टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी सोय असेल तर ती बंद करा.

उपशीर्षकं असतील तर लावा, इंग्रजी चांगलं असलं तरी. उच्चभ्रू इंग्रज पात्रं वाक्याचा शेवट गिळतात, आणि नेमका महत्त्वाचा शब्द तिथेच असतो. मालिका डीव्हीडीवर निघालेली आहे. ऑनलाइन कुठे आहे ते मात्र पाहायला बसण्याआधी शोधून बघा, कारण अशा जुन्या मालिकांचे हक्क एका मंचावरून दुसऱ्यावर जात राहतात.

कपड्यांकडे लक्ष ठेवायचं ते असं: डोक्याला घट्ट बसणारी घंटेच्या आकाराची टोपी आली, की केस कापलेले आहेत असं समजा, कारण अंबाड्यावर ती बसत नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे झगे अजून लांब आणि केस बांधलेले दिसतील. एकाच टेबलाभोवती दोन पिढ्या बसल्या असतील तर भांडण कुठून येणार आहे ते त्यावरून कळतं.

पायरी ५: कथा कधी वाचायची

भाग पाहिल्यावर, शक्य तर त्याच रात्री. कथा छोट्या आहेत, अर्ध्या तासात होतात. आधी वाचलीत तर 'द रेड सिग्नल' आणि 'इन अ ग्लास डार्कली' यांची मजा जाते. नंतर वाचताना दिसतं की तासाभराचं नाटक करायला पटकथाकारांनी कुठे पात्रं वाढवली, कुठे वाक्यात उरकलेला प्रसंग उलगडला. 'द फोर्थ मॅन' कागदावर जवळजवळ सगळी बोलण्यातून घडते. टीव्हीला ती दाखवावी लागली. कुठली आवृत्ती जास्त भीतीदायक, यावर मित्रांशी वाद घालायला चांगला विषय आहे. माझं मत कागदाच्या बाजूने.

काय खटकेल, तेही सांगून ठेवतो. बाल्कन प्रदेशातले परदेशी लोक इथे कटकारस्थानी किंवा भोळे, मधलं काही नाही. नोकरचाकरांना स्वतःचं आयुष्य असल्याचं क्वचित दिसतं. वेडेपणाबद्दलची भाषा 'द रेड सिग्नल' आणि 'द फोर्थ मॅन'मध्ये त्या काळची आहे. मनोविकार रक्तातून येतो आणि माणूस क्षणात हिंसक होतो अशा समजुती पात्रं बिनदिक्कत बोलून दाखवतात. घरात कुणी अशा आजारातून जात असेल तर हे दोन भाग एकत्र पाहण्याआधी विचार करा.

पायरी ६: यानंतर

त्याच दशकात रमायचं असेल तर लंडन वीकेंड टेलिव्हिजनने १९८१ साली केलेली 'द सेव्हन डायल्स मिस्टरी' आधी पाहा. ती ख्रिस्तीच्याच १९२९च्या कादंबरीवर आहे आणि तिची नायिका बंडल ही सुसाट मोटार हाकणारी, कुणालाही न जुमानणारी फ्लॅपर. चेरिल कॅम्पबेलने ती केली आहे. मग १९८३ची 'पार्टनर्स इन क्राइम', फ्रान्सेस्का अॅनिस आणि जेम्स वॉरविक यांची टपेन्स आणि टॉमीची जोडी. युद्ध संपलंय, नोकरी नाही, म्हणून साहस हाच धंदा करायचा असं ठरवणारी ही दोघं जेन आणि एडवर्डची सख्खी भावंडं शोभतात. डेव्हिड सुशेची पॉयरो मालिका १९८९ साली सुरू झाली, पण ती १९३०च्या दशकात वसवलेली आहे; तिथे टोपीची कड रुंद झालेली आणि झगा पुन्हा खाली आलेला दिसेल. मिस लेमनही तिथे भेटेल, पॉलिन मोरानच्या रूपात, फायलींची नवी पद्धत बसवताना.